कूलरमधली पिल्लं

आनंदराव गजभियेंना मांजर आवडत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर लोक म्हणणार, एकटा म्हातारा, बायको गेलेली, मुलगा हैदराबादला. त्याला मांजरांचा लळा नाही लागणार तर कोणाला? छे. मांजर दुधात तोंड घालते, गादीवर केस सांडते, आणि वर आपल्याकडेच असं पाहते की घराचा पट्टा तिच्याच नावावर आहे. हे त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी जन्मभर नीट सांभाळलं होतं.

पण डिसेंबरात त्यांच्या व्हरांड्यातल्या कूलरमधून चिंचिं ऐकू यायला लागलं. खुर्सीपार या त्यांच्या वस्तीतल्या प्रत्येक घरापुढे हिवाळ्यात तसा एक लोखंडी कूलर उभा असतो, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, होळीची वाट पाहत. आनंदरावांनी प्लास्टिक सारलं, जाळी काढली. आत जुन्या गवतावर तीन पिल्लं, आणि त्यांची आई आनंदरावांकडे बघून दात दाखवत होती. "राहा बाप्पा," ते म्हणाले, आणि जाळी परत लावली. चौथ्या आठवड्यात आई यायची बंद झाली. कुत्र्यांनी धरली की ट्रकखाली आली, कोणाला माहीत. आता तीन पोटं आनंदरावांच्या गळ्यात पडली.

खरं सांगायचं तर ती गळ्यात पडली म्हणून माणूस वाचला. बायको शालूताई जाऊन दोन वर्षं झाली होती. घर खायला उठतं म्हणतात ना, ते साफ खोटं आहे. घर काही करत नाही. सकाळी जिथे वाटी ठेवली तिथेच ती संध्याकाळी असते, कोणी हलवत नाही, आणि तेच तर दुखणं. आनंदराव इन्शुरन्सवाल्या पोरींचे फोनसुद्धा मधेच कापत नसत. ती बिचारी सगळी स्कीम सांगून संपवायची, हे "हाव, हाव" करत ऐकायचे, आणि शेवटी "नको बेटा" म्हटलं की तीच खटकन फोन ठेवायची.

आता घरात तीन जणांना दर चार तासांनी भूक लागत होती. शिफ्टच लागली म्हणा. आनंदरावांची सगळी नोकरी पोलादाच्या प्लांटात कोक ओव्हनवर गेलेली. तिथे भट्ट्यांच्या रांगेला बॅटरी म्हणतात, आणि बॅटरीला नाव नसतं, नंबर असतो. तसेच यांचे एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर झाले. एक नंबर दांडगा, दोन नंबर खादाड, तीन नंबर भित्री. व्हिडिओ कॉलवर नात ईरा हसून लोळली. साडेचार वर्षांची पोरगी, मराठी समजते पण बोलते हिंदी.

"आबाजी, ये कोई नाम होता है?"

"प्लांटात असेच रायते बेटा," आबाजी म्हणाले. पोरीला हसवता आलं म्हणून दिवसभर ते खुशीत होते.

मग एक नंबरच्या कानाच्या कडेचे केस गेले. आधी वाटलं, आपसात भांडले असतील. दोन दिवसांत नाकावर रुपयाएवढी गोल जागा उघडी पडली, वर पांढरा कोंडा, चुलीतली राख उडून बसल्यासारखा. आठवड्यात तिघांचीही तीच गत. दोन नंबरच्या कपाळावर तर केसच उरले नाहीत. हात फिरवला की बोटांना तुटके केस चिकटायचे. पिल्लं मात्र मजेत. खात होती, खेळत होती, अंगावर चढत होती, रात्री आनंदरावांच्या कोपराच्या खोबणीत झोपत होती. आणि मग आनंदरावांच्या त्याच हातावर, कोपराच्या आत, एक लाल कडं उठलं. मग दुसरं.

ते पिल्लांना स्कूटरवर घालून दुर्गला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर ऐश्वर्या नावाची तरुण मुलगी होती. तिने खोलीतला दिवा बंद केला आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी पिल्लांवर धरली. तुटके केस हिरवे चमकायला लागले.

"दाद है अंकल. बिल्ली के बच्चों में बहुत होती है," ती म्हणाली. दाद म्हणजे आपलं गजकर्ण. "औषध पोटात, मलम वरून, आणि आठवड्यातून दोनदा या शाम्पूनं अंघोळ. अंथरुण रोज उकळत्या पाण्यात. छह हफ्ते." मग तिची नजर त्यांच्या हातावर गेली. "ये भी वही है. आप भी छह हफ्ते. कडी पूर्ण जाईपर्यंत लहान मुलांना कडेवर घ्यायचं नाही."

ती आईकडून अर्धी मराठी होती, म्हणून असं दोन्हीत बोलायची. आनंदराव हसले. "मले कोणतं लेकरू भेटते कडेवर घ्याले?"

दहा दिवस त्यांनी सगळं अगदी शिस्तीत केलं. भिंतीवर कागद लावला, दिलेल्या औषधावर टिक, उरलेल्यावर गोल. कोंडा कमी झाला. तीन नंबरच्या कानावर बारीक लव उगवली तेव्हा तर त्यांनी चष्मा लावून तिला खिडकीपाशी नेऊन पाहिली.

आणि बुधवारी संध्याकाळी पियूषचा व्हिडिओ कॉल आला.

"जय भीम, बाबा. रविवारी येऊन राहिलो आम्ही. रीनाच्या भावाचं लग्न आहे बिलासपूरले. पहिले दोन दिवस तुमच्याकडे उतरतो, मग तिकडे जातो."

दोन वर्षांत पहिल्यांदा. शालूताईच्या वेळेस ईरा एवढीशी होती, माणसांच्या गर्दीला घाबरून आईला चिकटलेली. आनंदरावांच्या वाट्याला ती आलीच नव्हती. आता ती दोन दिवस या घरात धावणार होती. त्यांनी गाडी किती वाजता पोचते ते तीनदा विचारलं.

तेवढ्यात सुनेने, रीनाने फोन घेतला. पडद्यावर आनंदरावांच्या मागे खाटेवर दोन नंबर बसला होता, टकलू, मस्तपैकी.

"बाबा, त्याच्या डोक्यावर केस कावून नाही?"

 रीनाचं चूक नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. मागच्या वर्षी पाळणाघरातून ईराच्याच डोक्याला दाद लागली होती. सारे केस काढावे लागले, तीन महिने गोळ्या. बाकी मुलांच्या आयांनी मुलांना बजावलं, तिच्याजवळ बसायचं नाही. ईरा घसरगुंडीवर चढली की मुलं मागे सरकायची. रीना त्या दिवसांत सासऱ्याला फोन करून रडली होती, आणि फोनवर रडणं तिचा स्वभाव नाही.

"दाद तर नाही ना बाबा? असेल तर सांगून द्या. आम्ही सरळ बिलासपूरले जातो. मी पुन्हा त्यातून नाही जाऊ शकत."

"नाही वो," आनंदराव म्हणाले. "थोडीशी होती. बरी झाली. डॉक्टरीण म्हणे, रविवारपर्यंत साफ."

खोटं. तेही सहज, पाणी प्यायल्यासारखं. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला, पण तो रागही त्यांनी कामाला लावला. रविवारपर्यंत साफ म्हटलं ना? मग करूच साफ.

आता कोक ओव्हनच्या माणसांची एक गोष्ट बाहेरच्याला माहीत नसते. भट्टीसमोर उकाड्यात आठ तास उभं राहिलं की पट्ट्याखाली, काखेत, मांड्यांत हमखास दाद व्हायची. दवाखान्याचं मलम महिना महिना चालायचं. मग जुने लोक एक काळं तेल लावायचे. कोळशाचा कोक करताना डांबर निघतं, त्यातलंच ते. एक बोट लावलं की माणूस नाचायचा, असं जळायचं; पण चार दिवसांत दाद गेली म्हणजे गेलीच. प्रत्येकाच्या घरी एक बाटली असायची. आनंदरावांच्याही मोरीवरच्या फळीवर होती. डॉक्टरीण पोरगी हुशार असेल, पण तिने भट्टी कुठे पाहिली?

गुरुवारी सकाळी त्यांनी कामाला हात घातला. हातमोजे घातले. खिडक्या उघडल्या. प्रत्येक पिल्लाला वेगळं खोकं, म्हणजे एकाचं दुसऱ्याला लागायला नको. तेल खोबरेल तेलात पातळ केलं, कारण जीव लहान. प्लांटात सेफ्टीचं बक्षीस दोनदा घेतलेला माणूस, गडबड कशी करेल? कापसाच्या बोळ्याने कानावर, नाकावर, कपाळावर, पंजांवर. तीन नंबर किंचाळून पळाली, तिला पंजावर नुसतं पुसटसं लागलं. "राह्यलं तर राह्यलं, तुले दुपारी पाहतो," ते म्हणाले. मग स्वतःच्या हातावर लावलं आणि दात दाबून बसले.

सगळा विचार केला होता. फक्त मांजर स्वतःला चाटते, हा एक सोडून. माणूस आपलं कोपर चाटत नाही. तेवढ्या एका फरकात सगळं बसलं होतं.

अकराच्या सुमारास दोन नंबरच्या तोंडातून लाळ गळायला लागली. एक नंबर उभा राहिला आणि मागचे पाय कोणाचे दुसऱ्याचेच असल्यासारखा आडवा पडला. डोकं थरथरत होतं. आनंदरावांना वाटलं थंडी वाजली. त्यांनी उचललं, तोंड उघडून पाहिलं, आणि जिभेवर काळा डाग दिसला. तेव्हा कळलं. 

तिघांना स्वेटरच्या आत छातीशी घेऊन त्यांनी स्कूटर काढली. सुपेल्याच्या चौकात सिग्नल लागला. तिथे छातीवरची एक थरथर थांबली. कोणाची थांबली हे पाहायला त्यांनी स्वेटर उघडला नाही. हिरवा लागला तशी गाडी काढली.

"क्या लगाया था?" डॉक्टर ऐश्वर्याने वास घेतला आणि विचारलं.

त्यांनी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा प्लांटातली गोष्ट सांगताना त्यांची मान खाली होती.

 ती रागावली असती, चार शब्द बोलली असती, तर बरं झालं असतं. भांडी घासायच्या साबणाने तिने जिवंत दोघांना धुतलं, सुई लावली, गरम पाण्याची पिशवी दिली. एक नंबर तर आधीच गेला होता. चारच्या आसपास दोन नंबरनेही मान टाकली. तीन नंबर वाचली, भित्री होती म्हणून वाचली.

"औषधानं तर फरक पडत होता अंकल," ती शेवटी म्हणाली. "इतनी जल्दी क्या थी?"

तिघांना उचलून आनंदराव घरी आले. दोघांना घराच्या मागे, जास्वंदीच्या बाजूला पुरलं तेव्हा ते रडले, आणि बऱ्यापैकी मोठ्याने रडले. ऐकायला होतंच कोण?

शुक्रवारी सकाळी देवीदास आला. कोक ओव्हनचाच जुना सोबती, मागच्या गल्लीतला. सगळं ऐकून म्हणाला, "जाऊ दे ना यार. एकच राह्यलं ना? त्याले कॅम्प-1 च्या मच्छीबाजारात सोडून दे, खाऊन-पिऊन जगते. घर फिनाइलनं धुऊन काढ. अन् हातावरचं काय, थंडीचे दिवस आहे, फुल बाह्याचा स्वेटर घाल. कोणाले दिसते? नातीले घे मांडीवर."

इतकं सोपं होतं. आनंदराव वाईट माणूस नव्हते, पण दोन वर्षांच्या एकटेपणाने माणूस काय काय करायला तयार होतो ते त्यांना गुरुवारी कळलं होतंच. त्यांनी तीन नंबरला पिशवीत घातलं आणि कॅम्प-1 ला गेले. मासे विकणाऱ्या बायांच्या मागे, टोपल्यांच्या आडोशाला, पिशवी उघडी करून ठेवली.

पिल्लू बाहेर आलं, आणि आनंदरावांना पाहून हातगाडीखाली सरपटत गेलं. काल ज्याने जाळलं तो हात त्याला ओळखू येत होता. चाकामागून ते त्यांच्याकडे बघत राहिलं. पळून जाईना, जवळ येईना. आनंदराव मागे वळले, चार पावलं गेले, आणि परत येऊन गाडीपुढे उकिडवे बसले. चक् चक् करत राहिले. गुडघे दुखायला लागले.

मासेवाली बाई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "काकाजी, छोड़ने आए हो कि पकड़ने?"

"माहीत नाही बाई," आनंदराव म्हणाले, आणि हे मात्र खरं होतं.

अर्ध्या तासाने त्यांनी पोटावर आडवं होऊन तीन नंबरला बाहेर ओढलं. हातावर दोन ओरखडे घेतले. घरी आले, तिला दूध दिलं, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसले आणि पियूषला फोन लावला.

"मी खोटं बोललो रे. पिल्लांची दाद गेली नाही. दोन तर माझ्याच हातानं मेले. एक आहे. अन् माझ्या हातावर पण आहे. घरभर केस पडून आहे त्याइचे."

 पियूष म्हणाला, "कावून केलं बाबा असं?"

"ईराले मांडीवर घ्याचं होतं," आनंदराव म्हणाले.

खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. त्यांना काही हलकं वाटलं नाही.  थोड्या वेळाने रीनाचा फोन आला. ओरडेल असं वाटलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, आम्ही तिकिटं बिलासपूरपर्यंत वाढवून घेतली. गाडी दुर्गले थांबते पाच मिनिटं. तुम्ही स्टेशनवर या. निदान पाह्यणं तर होते."

रविवारी आनंदराव तासभर आधी दुर्गच्या फलाटावर होते. दाढी केली होती. आंघोळ दोनदा केली होती. उकळत्या पाण्यात काढलेला शर्ट, वर फुल बाह्याचा स्वेटर. हातात काही नेलं नाही. आपल्या घरातली वस्तू कशाला लेकराच्या हातात द्या?

गाडी आली. डबा चार पावलं पुढे जाऊन थांबला, ते धावले. दारात पियूष, आणि त्याच्या पायांमधून डोकावत ईरा. केस परत आले होते तिचे, काळेभोर, दोन बाजूंना दोन रबर लावलेले. फोनवर ती एवढी मोठी दिसत नव्हती. पियूषने तिला खाली उतरवलं. ती पळत आली, आणि आनंदराव दोन पावलं मागे सरले.

"थांब बेटा. तिथूनच. तिथूनच बोल."

ती थांबली. मागून रीना उतरली. तिने सासऱ्याकडे पाहिलं. उन्हात त्यांचा चेहरा एवढासा झालेला दिसला असणार, कारण तिचा आवाज बदलला. "घ्या बाबा एक मिनिट. स्वेटर आहे ना तुमचा. मी हात धुऊन देतो तिचे, कपडे बदलवतो. काही नाही होत."

घ्या म्हणाली. आणि ईरानेही दोन्ही हात वर केले.

ते दोन हात आणि आनंदरावांचे दोन हात यांच्यात जेमतेम दोन पावलं होती. त्यांचे हात उठलेही होते. मग त्यांनी ते पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरले.

"नाही वो रीना. घाईत दोन मारले मी. आता घाई नाही करत. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे."

ईराचे हात तसेच वर होते. तिने ते हळूहळू खाली आणले. मग एक हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला, केसांवरून फिरवला, आणि त्यांना दिसावं म्हणून मान खाली वाकवली.

"आबाजी," ती म्हणाली, "मेरा तो ठीक हो गया है. देखो. अब किसी को नहीं होता."

आनंदरावांना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा रीना तोंडावर पदर धरून वळली होती, आणि इंजिनाने भोंगा दिला होता. पियूषने पोरीला उचलून डब्यात घेतलं, मागून रीना चढली.

"तुझं नाही, बेटा. तुझं नाही," आनंदराव गाडीबरोबर चालायला लागले. "माझं आहे. हे पाह्य." त्यांनी स्वेटरची बाही ओढली, शर्टाची गुंडी तोडली, आणि हात उघडा करून वर धरला, लाल कड्यांसकट, चहावाल्यांच्या, हमालांच्या, सगळ्या फलाटाच्या देखत. "हे पाह्य, ईरा. माझ्या हातावर आहे. तू साफ आहे. एकदम साफ आहे तू."

गाडीने वेग घेतला. ती बापाच्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहत होती की भलतीकडेच, हे त्यांना दिसलं नाही. त्यांचा चष्मा धुरकट झाला होता. तिने ऐकलं का, तेही कळलं नाही. शेवटचा डबा गेला तरी ते बाही वर करूनच उभे होते.